कांटचा लोहार आणि चाकणचा कामगार

इमान्युएल कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं सारं आयुष्य क्योनिग्जबर्ग या गावात आणि त्याच्या आसपास गेलं. हिंदुस्थान त्याने पाहिला नव्हता. तरी १७९७ साली कायद्याच्या तत्त्वज्ञानावर लिहिताना त्याला उदाहरण सुचलं ते हिंदुस्थानातल्या लोहाराचं. हा लोहार हातोडा, ऐरण आणि भाता घेऊन लोकांच्या घरी जातो आणि त्यांचं लोखंड तिथेच ठोकून देतो. युरोपातला लोहार किंवा सुतार स्वतःच्या मालाची वस्तू बनवून बाजारात मांडतो. एक वस्तू विकतो, दुसरा स्वतःचे हात भाड्याने देतो. एवढ्या फरकावरून कांटने युरोपातल्या कारागिराला पूर्ण नागरिक ठरवलं आणि आपल्या लोहाराला मताचा अधिकार नसलेल्या दुय्यम नागरिकांत टाकलं. त्याच यादीत घरगडी, दुकानातला उमेदवार, लाकूडतोड्या, खासगी शिकवणी घेणारा मास्तर आणि झाडून साऱ्या स्त्रिया आहेत.

कांट दुष्ट नव्हता. माणूस म्हणून हे सगळे समान आणि स्वतंत्रच आहेत, त्यांना वर येण्याची वाट मोकळी हवी, असंही तो म्हणतो. त्याची अडचण सरळ होती: ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हुकमावर आहे त्याचं मत त्याचं स्वतःचं कसं असेल?

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या फोर्जिंग शॉपमध्ये आज जे लोखंडाला आकार देतात त्यांचं लोखंड त्यांचं नाही, हॅमर त्यांचा नाही, शेडही त्यांची नाही. कांटच्या यादीत ते सगळे बसतात. राज्यघटनेने त्यांना मत दिलं, पण कांटने बोट ठेवलेली अडचण त्याने मिटली का? युरोपातल्या प्रबोधनकाळाचे राजकीय विचार पिंपरी-चिंचवड पट्ट्यात वाचायचे तर याच बाजूने वाचावे असं मला वाटतं.

करार झाला तरी कधी?

सतराव्या-अठराव्या शतकातला मुख्य प्रश्न असा होता: राजा देवाने नेमलेला नसेल, तर त्याचं ऐकायचं कशासाठी? उत्तर आलं, की आपण तसं कबूल केलंय म्हणून. थॉमस हॉब्जने १६५१ मध्ये सांगितलं, की जिवाच्या भीतीने माणसांनी आपले अधिकार एका सत्तेकडे सोपवले. जॉन लॉकने १६८९ मध्ये त्याला अट घातली: जीव, स्वातंत्र्य आणि मालमत्ता राखण्यासाठीच सरकार असतं, ते राखत नसेल तर लोकांनी ते बदलावं. रूसोने १७६२ मध्ये याहून पुढे जाऊन म्हटलं, की कायदा सर्वांनी मिळून सर्वांसाठी केलेला असेल तर तो पाळताना माणूस स्वतःचंच ऐकत असतो.

पण ही कबुली दिली कोणी, कधी? लॉकचं उत्तर होतं, की तुम्ही राज्याच्या रस्त्यावरून नुसते चाललात तरी मूक संमती दिलीत. १७४८ मध्ये डेव्हिड ह्यूमने याची टर उडवली. ज्याला परक्या मुलखाची भाषा येत नाही आणि जो रोजच्या तुटपुंज्या मजुरीवर जगतो, त्या गरीब शेतकऱ्याला किंवा कारागिराला देश सोडून जाण्याची मोकळीक आहे असं आपण खरंच म्हणू शकतो का? झोपेत जहाजावर आणून टाकलेला माणूस समुद्रात उडी मारत नाही, म्हणून त्याने कप्तानाची सत्ता मान्य केली असं म्हणण्यासारखंच ते झालं.

या सगळ्या वादात मला ह्यूमची ही शंका सर्वांत मोलाची वाटते. 'नाही' म्हणण्याची सोय नसेल तर 'हो'ला काय किंमत? या पट्ट्यात हा प्रश्न दोनदा येतो: आधी शेताच्या बांधावर, मग कंपनीच्या गेटवर.

सातबाऱ्यावरचा शिक्का

लॉकची मालमत्तेची उपपत्ती शेतकऱ्याला लगेच पटावी अशी आहे. जमीन मुळात सर्वांची. ज्याने तीत घाम गाळला त्याची ती झाली. अट इतकीच, की दुसऱ्यांसाठी पुरेशी आणि तितकीच चांगली उरली पाहिजे. मात्र पुढच्याच परिच्छेदात एक गंमत आहे. नोकराने खणून काढलेली हरळी लॉक बिनदिक्कत मालकाच्या नावावर टाकतो. म्हणजे घाम नोकराचा आणि मालकी धन्याची. गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअर लॉकने घेतले होते, हे ठाऊक असलं की ती हरळी जास्तच खुपते.

सरकारने मालकाच्या संमतीशिवाय मालमत्ता घेऊ नये, हे लॉकचं दुसरं ठाम म्हणणं. पण संमती म्हणजे प्रत्येकाची नव्हे, बहुमताची, प्रतिनिधींनी दिलेली. ही पळवाट मोठी आहे आणि आपल्याकडच्या कायद्यांतही ती आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम १९६१ चा. महामंडळ, म्हणजे एमआयडीसी, सुरू झालं १ ऑगस्ट १९६२ ला. या अधिनियमाच्या बत्तिसाव्या कलमाची नोटीस खेड आणि मावळ तालुक्यांतल्या शेतकऱ्यांना तोंडपाठ असते. आधी ३२(२) ची नोटीस येते: जमीन का घेऊ नये ते सांगा. सुनावणी होते. मग ३२(१) ची अधिसूचना निघते आणि जमीन सरकारजमा होते. दरम्यान सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद होते. गावात म्हणतात, 'शिक्का पडला'. शिक्का पडला की जमीन ना धड विकता येते, ना बँक तिच्यावर कर्ज देते. या साऱ्या प्रक्रियेत हरकत नोंदवता येते, संमती मात्र लागत नाही. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्याने खासगी कंपनीसाठी ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के बाधितांची संमती सक्तीची केली, पण एमआयडीसी आपल्या जुन्या कायद्याने जमीन घेते तेव्हा ही अट आड येत नाही.

हा वाद पुणे जिल्ह्याला नवा नाही. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मुळशीत सत्याग्रह सुरू झाला. टाटांच्या वीज कंपनीला धरण बांधायचं होतं आणि ब्रिटिश सरकारने भूसंपादनाचा कायदा तिच्या दिमतीला दिला होता. लढ्याचे नेते सेनापती बापट यांचं नाव सगळ्यांना माहीत आहे. कमी बोललं जातं ते असं, की जमिनीचे कागदोपत्री मालक असलेले पुण्यातले अनेक सावकार मोबदला घेऊन मोकळे झाले आणि जमीन कसणारे मावळे मागे राहिले. 'मालकाची संमती' मिळाली होती, घाम गाळणाऱ्यांना कोणी विचारलं नव्हतं. लॉकच्या हरळीची गोष्टच ती.

नव्वद वर्षांनी, ९ ऑगस्ट २०११ ला, पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला बंद जलवाहिनीने पाणी नेण्याच्या विरोधात मावळातले शेतकरी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले. पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. शहराची तहान खरी होती आणि लोकसंख्येने शहर मोठं होतं. रूसोच्या 'सामूहिक इच्छे'त धरणाच्या काठची गावं धरायची की नळाच्या टोकाची माणसं, हे त्याच्या पुस्तकात सापडत नाही.

मोबदल्याबद्दल अधिक कामाचं बोलला तो थॉमस पेन. १७९७ च्या 'ॲग्रेरियन जस्टिस' या छोट्या पुस्तिकेत तो म्हणतो, की मशागत मालकाची असेल, पण जमीन मुळात सगळ्यांची होती; तेव्हा जमीनवाले समाजाला भुईभाडं लागतात. वारसाहक्काने जाणाऱ्या मालमत्तेतून निधी उभारावा, त्यातून प्रत्येकाला एकविसाव्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्यावेत. भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द आहे 'परतावा', म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मूळ मालकाला परत मिळणारा विकसित जमिनीचा हिस्सा. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ मध्ये स्थापन झालं आणि जमिनी गेलेल्यांची 'साडेबारा टक्के परताव्या'ची मागणी, ते प्राधिकरण २०२१ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणात (पीएमआरडीए) विलीन होईपर्यंत आणि नंतरही, चालूच राहिली. खेड तालुक्यातल्या कन्हेरसर, निमगाव, दावडी भागातल्या विशेष आर्थिक क्षेत्रात (सेझ) हाच आकडा १५ टक्के होता आणि तो प्रत्यक्ष पदरात कसा पडणार यावरून वर्षानुवर्षं आंदोलनं झाली. पेनचा हिशेब याहून रुंद होता: तो फक्त सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांपुरता नव्हता. ज्या शेतमजुराच्या हाताखालून तीच जमीन गेली त्यालाही तो वाटा देतो.

पेन पुण्यात कसा पोचला

पेन हा इंग्लंडातल्या थेटफर्डचा, बायकांचे कॉर्सेट शिवणाऱ्याचा मुलगा. पुढे अबकारी खात्यात नोकरी केलेला. एडमंड बर्कने फ्रेंच क्रांतीवर टीका केली, तिला उत्तर म्हणून त्याने १७९१-९२ मध्ये 'राइट्स ऑफ मॅन' दोन भागांत लिहिलं. त्याचा गाभा एवढाच, की मेलेल्यांनी केलेला करार जिवंतांना बांधत नाही आणि जन्माने मिळालेली सत्ता ही सत्ताच नव्हे. इंग्लंडात त्याच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. फ्रान्सने त्याला आपल्या कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे क्रांतीनंतरच्या प्रतिनिधिसभेत, निवडून घेतलं, आणि राजाचं मुंडकं उडवायला विरोध करणाऱ्या या माणसाला पुढे तुरुंगातही टाकलं.

हे पुस्तक १८४७ मध्ये, स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनी पुण्यात वाचलं. पुढच्याच वर्षी त्यांनी भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. एका पुस्तकाने एवढं घडलं असं मी म्हणणार नाही. पण जन्माने मिळणाऱ्या सत्तेवरचा पेनचा हल्ला फुल्यांच्या हाती आला आणि त्यांनी त्याचं तोंड फिरवलं. पेनच्या मते समाज माणसांच्या गरजांतून उगवतो आणि तो चांगलाच. सरकार हे नाइलाजाने सोसायचं. फुल्यांना दिसलं ते उलटं. इथे गळा दाबला जात होता तो समाजाकडून, जातीकडून, आणि तो सोडवण्यासाठी सरकारचा हात ओढून आणायला हवा होता. म्हणूनच १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे ते सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी करतात. सरकारपासूनचं स्वातंत्र्य हा पेनचा भर, तर शेजाऱ्यापासूनचं स्वातंत्र्य हा फुल्यांचा. त्यांचा 'निर्मिक', म्हणजे सृष्टीचा कर्ता, स्त्री-पुरुष दोघांनाही सारखे हक्क देतो, हेही पेन-कांटच्या पुढचं पाऊल होतं. (फुले स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते, हे पुढे ठेकेदारीवर बोलताना लक्षात ठेवलेलं बरं.)

फुल्यांच्या सत्यशोधक समाजातूनच नारायण मेघाजी लोखंडे आले. जन्म १८४८, ठाण्यातला. घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरसरचं. 'दीनबंधू' या वृत्तपत्राचं संपादन करणाऱ्या या माणसाने १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. मागण्या साध्या होत्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरं होईपर्यंत पूर्ण पगार. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियांनी भाषणं केली. १० जूनला मालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली.

पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांना ती सुट्टी गुरुवारी असते, विजेचा भार वाटून घेण्यासाठी ठरवलेली. वार बदलला, हक्क लोखंड्यांनी मिळवलेलाच. कांटने ज्यांना मताबाहेर ठेवलं, त्यांच्यासाठी लोखंड्यांनी आधी मत मागितलं नाही, वेळ मागितला. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. बारा-चौदा तास साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला स्वतःचं मत असायला उसंत तरी कुठे होती?

एकी हा गुन्हा

स्वातंत्र्याच्या नावाने संघटनेवर बंदी आली होती, हे आज ऐकायला विचित्र वाटतं. क्रांतीनंतरच्या फ्रान्सने १४ जून १७९१ ला ल शापलिए कायद्याने कामगारांचं एकत्र येणं बेकायदा ठरवलं. तर्क असा होता, की नागरिक आणि राष्ट्र यांच्यामध्ये तिसरं कोणी नको, आणि मजुरी ज्याने-त्याने मालकाशी स्वतंत्रपणे ठरवावी. इंग्लंडने १७९९ आणि १८०० मध्ये असेच कायदे केले. ते उठले १८२४ मध्ये. यातलं ढोंग ॲडम स्मिथला आधीच दिसलं होतं. मालक सदा सर्वत्र आपसांत मुकाट्याने एकजूट करून असतात, ती कोणाला दिसत नाही. कामगारांनी केली की बोभाटा होतो, असं तो १७७६ मध्ये लिहून गेला. मालक वर्षभर कळ काढू शकतो, कामगार आठवडाभरही नाही, हेही त्यानेच नोंदवलं. बाजाराच्या या आद्य पुरोहिताची ही पानं त्याचे भक्त सहसा उघडत नाहीत.

आपल्याकडे ट्रेड युनियन कायदा आला १९२६ मध्ये. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने युनियनला मान्यता मिळवण्यासाठी आधीचे सहा महिने किमान ३० टक्के सभासद असण्याची अट घातली. पण मान्यता कोणाला, हा प्रश्न कायद्याच्या कलमावर थांबत नाही. पिंपरीच्या टेल्को या वाहनांच्या कारखान्यात राजन नायर यांच्या नेतृत्वाखालची संघटना आणि व्यवस्थापनाशी जमवून घेणारी दुसरी युनियन यांच्यातल्या झगड्याचा शेवट सप्टेंबर १९८९ मध्ये शनिवारवाड्यापुढच्या सामुदायिक उपोषणात झाला; पोलिसांनी मध्यरात्री उपोषणकर्त्यांना उचलून नेलं. कामगारांच्या वतीने बोलायचं कोणी, हे कामगारांनीच ठरवायचं असतं, पण त्या ठरवण्यात मालक आणि सरकार दोघेही हात घालतात.

चाकणला बजाज ऑटोमध्ये २५ जून २०१३ ला सुरू झालेला संप ५० दिवस चालला. त्यातली एक मागणी सगळ्यांना आगाऊ वाटली: प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर एक रुपया दराने द्या. शेअरचा बाजारभाव तेव्हा दीड हजार रुपयांच्या वर होता. अर्थातच मागणी मान्य झाली नाही आणि संप मागे घ्यावा लागला. मला मात्र ती आगाऊ वाटत नाही. ज्याच्या घामाने वस्तू बनली त्याचा तिच्यात वाटा, हे लॉकचंच म्हणणं. फक्त या वेळी ते हरळी काढणाऱ्या नोकराच्या तोंडून आलं.

गेटच्या आतलं राज्य

माँतेस्क्यूने १७४८ मध्ये बजावलं, की कायदा करणारा, तो अमलात आणणारा आणि न्याय देणारा एकच असेल तर स्वातंत्र्य उरत नाही. आपण हे सरकारला लावतो. कंपनीच्या गेटच्या आत काय चालतं? स्थायी आदेश, म्हणजे नोकरीचे नियम, कंपनी तयार करते, चार्जशीट कंपनी देते, डोमेस्टिक इन्क्वायरीचा चौकशी अधिकारी कंपनी नेमते आणि बडतर्फीचं पत्र कंपनीच काढते. १९४६ च्या कायद्याने स्थायी आदेश सरकारी अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घेण्याची सक्ती केली आणि कामगार न्यायालयाची दारं ठेवली, ती याचसाठी. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच आहे, आणि संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस सगळीकडे लागते. मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरी-चाकणच्या छोट्या शेडमध्ये तीनशे माणसं असतात कुठे?

त्यात परमनंट माणूस निदान या राज्याचा रहिवासी तरी असतो. ठेकेदाराचा माणूस त्याच लाइनवर, त्याच सुपरवायझरखाली, तोच बोल्ट आवळतो, पण कागदोपत्री तो या कंपनीचा नसतोच. परमनंट होण्याचा दावा करता येऊ नये म्हणून २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, सातव्या महिन्यात 'ब्रेक' द्यायचा, ही रीत इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. 'ट्रेनी' म्हणून घेतलेल्याला तर पगार नाही, स्टायपेंड मिळतो. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या नावात नियमन आणि निर्मूलन हे दोन्ही शब्द होते. २००१ मध्ये स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कंत्राटी पद्धत बंद केली तरी तिच्यातले कामगार आपोआप मूळ कंपनीचे होत नाहीत. कंपनी म्हणते ठेकेदाराला विचार, ठेकेदार म्हणतो वरून ऑर्डर नाही. ज्याच्याशी करार आहे त्याच्या हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात सगळं आहे त्याच्याशी करार नाही.

यावर सर्वांत रोखठोक लिहिलं ते डॉ. आंबेडकरांनी, १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात. सरकारने लोकांच्या व्यवहारात हात घालू नये म्हणजे स्वातंत्र्य टिकतं, या म्हणण्याला त्यांचा प्रतिप्रश्न होता: कोणाचं स्वातंत्र्य? जमीनदाराला खंड वाढवण्याचं, मालकाला तास वाढवण्याचं आणि मजुरी कमी करण्याचं. बेकाराला विचारून पाहा, म्हणाले ते. युनियनमध्ये जायचं नाही या अटीवर नोकरी मिळत असेल तर तो मूलभूत हक्क सोडून देईल आणि नोकरी धरेल. कांटलाही हेच दिसलं होतं, की पोट दुसऱ्याच्या हाती असलेला माणूस मोकळा नसतो. कांटने त्यावरून माणसाला मताबाहेर काढलं. आंबेडकरांनी पोटच दुसऱ्याच्या हातातून काढून घ्या म्हटलं: मुख्य उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची करा आणि हे घटनेतच लिहून ठेवा. घटनेत ते आलं नाही. राज्याच्या मालकीचा कारखाना चालवून पाहिलेल्या पिंपरीला, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची पुढची परवड डोळ्यांपुढे असल्यामुळे, तो उपाय आता फारसा पटणारही नाही. प्रश्न मात्र त्यांनी बरोबर मांडला होता.

मत गावाला, काम चाकणला

घटनेने सरसकट मताधिकार दिला. पण मतदार यादीत नाव लागतं ते माणूस 'सामान्यतः राहतो' तिथे. बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाड्यातून आलेला कामगार खराबवाडी किंवा महाळुंग्याच्या खोलीत चौघा-पाचांबरोबर राहतो आणि त्याचं नाव गावच्या यादीत असतं. त्याच्या खोलीसमोरचा रस्ता, पाणी, कचरा, ठेकेदारावरचा वचक हे सगळं ठरवणाऱ्या ग्रामपंचायतीत किंवा आमदाराच्या निवडणुकीत तो कोणाच्याच हिशेबात नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये स्थलांतरितांसाठी दुरून मतदान करण्याच्या यंत्राचा प्रस्ताव मांडला, १६ जानेवारी २०२३ ला राजकीय पक्षांना ते दाखवायला बोलावलं. विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले आणि गोष्ट तिथेच अडली. तोवर मार्ग एकच: आठ नंबरचा अर्ज भरून नाव इकडे आणायचं. त्याला पत्त्याचा पुरावा लागतो. पुष्कळ घरमालक भाडेकरार लिहून द्यायला तयार नसतात, कारण गुंठ्यावर बांधलेल्या त्या खोल्यांनाच परवानगी नसते. आणि ठेकेदार ओळखपत्रावर स्वतःच्या ऑफिसचा पत्ता छापतो, माणसाच्या खोलीचा नाही.